साय-फाय पात्राचा चेहरा मेणचट दिसतो : त्वचा आणि लाइटिंगचं समस्या निवारण

३डी रेंडरमधलं हे लक्षण नेहमीचं आहे. मॉडेल चांगलं, टेक्स्चर ४के किंवा ८के, कॉरिडॉरच्या भिंतींवर निळ्या-जांभळ्या उजेडाच्या पट्ट्या, आणि मधोमध उभं असलेलं पात्र मात्र दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखं. मग सबसरफेस (त्वचेत शिरून आत पसरणारा प्रकाश) वाढवून बघायचं, कमी करून बघायचं, रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) ओढायचा, अजून एक लाइट टाकायचा. तासाभराने चेहरा वेगळा दिसतो, पण बरा दिसत नाही. तेच पात्र दुसऱ्या सीनमध्ये नेलं की तक्रार पुन्हा हजर.

तक्रार परत परत येते, कारण त्वचेची सेटिंग्ज सीनच्या रंगीत लाइटमध्ये बसून केली जातात. रंगीत उजेडात चुकलेलं स्केल, चुकीचा रफनेस मॅप, जास्तीचं सबसरफेस आणि मेलेला लाल चॅनल हे सगळे दोष जवळजवळ एकसारखेच दिसतात. कोणता दोष आहे हे कळल्याशिवाय स्लायडर हलवला की एक बिघाड दुसऱ्या बिघाडाने झाकला जातो. म्हणून क्रम पक्का ठेवा : आधी पांढऱ्या प्रकाशात त्वचा नीट करायची, ती सेव्ह करायची, आणि सीनमध्ये गेल्यावर त्वचेला हात न लावता फक्त लाइट नीट करायचे.

आकडे ब्लेंडर ४.० आणि पुढच्या आवृत्त्यांतल्या सायकल्सचे (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनचे) आहेत. डॅझ स्टुडिओच्या आयरे या रेंडर इंजिनमध्ये वेगळं असेल तिथे तसं लिहिलं आहे.

तपासणीचा सीन

वेगळी फाइल करा. वर्ल्ड जवळजवळ काळं. एकच एरिया लाइट, पांढरा, ५० सेंमी चौरस, चेहऱ्यापासून दीड मीटरवर, बाजूने ४५ अंश आणि वरून साधारण ३० अंश. कॅमेरा ८५ मिमी. चेहऱ्याशेजारी दोन गोळे ठेवा : एक बेस कलर ०.१८ आणि रफनेस १ असलेला करडा, दुसरा मेटॅलिक १ आणि रफनेस ० असलेला क्रोम. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग पडद्यावर कसे दाखवायचे ते ठरवणारं सेटिंग) एजीएक्स, लुक काही नाही, डीनॉइझर (रेंडरमधले दाणे पुसणारं साधन) बंद.

लाइट किती वॅटचा, हे पाठ करण्यात अर्थ नाही. व्ह्यू ट्रान्सफॉर्म तात्पुरता फॉल्स कलरवर टाका आणि करड्या गोळ्याची उजेडाकडची बाजू मध्यम करड्या पट्ट्यात येईपर्यंत पॉवर कमी-जास्त करा. मग परत एजीएक्सवर या. क्रोमच्या गोळ्यात लाइटचा चौकोन एकदाच आणि स्वच्छ दिसला पाहिजे. तिथे दुसरं काही चमकत असेल, तर जुन्या सीनमधला लाइट किंवा एचडीआरआय (भोवतालचा उजेड देणारं चित्र) चुकून सोबत आला आहे.

आता चेहऱ्यावरचं मटेरियल काढून साधा करडा रंग द्या. करडा चेहराही गुळगुळीत आणि सपाट वाटत असेल, तर दोष स्कल्प्टमध्ये किंवा लाइटमध्ये आहे. शेडरमध्ये काही सापडणार नाही. करडा चेहरा चांगला दिसतो आणि त्वचा लावली की बिघडतो, असं असेल तरच पुढे वाचा.

स्केल : सगळ्यात आधी हेच

सबसरफेसची त्रिज्या प्रत्यक्ष अंतरात मोजली जाते. म्हणजे तेच सेटिंग १.७ मीटरच्या माणसावर त्वचा दाखवतं, १७ सेंमीच्या माणसावर मेण आणि १७० मीटरच्या माणसावर रंगवलेली माती. डॅझमधला एक युनिट म्हणजे १ सेंमी, ब्लेंडरमधला १ मीटर. ओबीजे फाइलमध्ये एककाची नोंदच नसते, त्यामुळे इम्पोर्ट करताना स्केल दिलं नाही की १७० सेंमीचं पात्र १७० मीटरचं होऊन उतरतं.

एन दाबून उघडणाऱ्या पट्टीत डायमेन्शन्स पाहा. झेडमध्ये माणसाची उंची मीटरमध्ये दिसली पाहिजे. तिथे १७० दिसत असेल, तर ऑब्जेक्ट ०.०१ ने लहान करा आणि स्केल अप्लाय करा. आर्मेचर (पात्राचा हाडांचा सांगाडा) असेल तर आधी पॅरेंट, मग मेश. उलट केलं तर पोझ तुटते. पात्र राक्षसी उंचीचं हवं असेल तरीही ते माणसाच्या मापाने बनवा आणि सेट लहान करा. त्वचा, केस आणि फोकसची खोली सगळं एकदम जागेवर राहतं.

मॅप चुकीच्या रंगावकाशात

तकतकीत, ओल्या प्लास्टिकसारख्या चेहऱ्यामागे बहुतेक वेळा हाच दोष असतो, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. रफनेस, बंप आणि नॉर्मल (दोन्ही बारीक उंचसखलपणाचे), मास्क हे मॅप म्हणजे नुसते आकडे आहेत. इमेज टेक्स्चर नोडवर त्यांचा कलर स्पेस नॉन-कलर असायला हवा. तो एसआरजीबी राहिला, तर मॅपमधला ०.५ हा शेडरपर्यंत ०.२१ होऊन पोहोचतो. ०.५ रफनेसची त्वचा आणि ०.२१ रफनेसची त्वचा यांत कोरडा गाल आणि तेल चोपडलेला गाल इतका फरक असतो. बेस कलरचा मॅप मात्र एसआरजीबीच ठेवा.

आयरेमध्ये हेच काम इमेजचा गॅमा करतो : रंगाच्या मॅपला २.२, बाकी सगळ्यांना १.०. गॅमा ० म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः ठरवणं. विकत घेतलेल्या किंवा फुकट मिळालेल्या पात्रांत एखाद्या मॅपबाबत हा अंदाज चुकलेला असू शकतो, म्हणून एकेक मॅप उघडून पाहा.

सबसरफेस किती?

प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ या ब्लेंडरच्या मुख्य शेडरमध्ये सबसरफेसची मेथड रँडम वॉक (स्किन), वेट १. वेट ०.१ किंवा ०.२ ठेवायची जुनी सवय सोडा. तो आकडा म्हणजे साधा डिफ्यूज आणि सबसरफेस यांचं मिश्रण असतो, आणि अर्ध्या मिश्रणात त्वचा खडूसारखी होते. परिणाम कमी-जास्त करायचा असेल तर तो सबसरफेसच्या स्केलने करा.

हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या मॉडेलसोबत मोजलेल्या त्वचेची मूल्यं दिली होती. त्यातल्या एका नमुन्यावरून त्वचेत प्रकाश पसरण्याचं अंतर लाल ३.६७ मिमी, हिरवा १.३७ मिमी, निळा ०.६८ मिमी असं निघतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून लाल सगळ्यात लांब जातो. हीच मूल्यं शेडरमध्ये लिहायची, तर रेडियस १.०, ०.३७, ०.१९ आणि स्केल ०.००३७ मीटर. इथून सुरुवात करा आणि ०.००२ ते ०.००६ यांच्या बाहेर जायची गरज क्वचितच पडेल. स्केल ०.०५ मीटरवर राहिलं असेल तर लाल प्रकाश ५ सेंमी पसरतो. एवढ्या अंतरात अख्खं नाक विरघळतं.

हा नमुना उजळ त्वचेचा आहे. सावळ्या आणि काळ्या त्वचेत वरच्या थरातलं मेलॅनिन प्रकाश आधीच शोषून घेतं, म्हणून स्केल ०.००१५ ते ०.००२५ ठेवून पाहा. पृष्ठभागावरचं परावर्तन मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे काळ्या त्वचेचा आकार मुख्यतः चकाकीतून उलगडतो, आणि तिला एका प्रखर लाइटपेक्षा मोठा, मऊ, बाजूने येणारा लाइट जास्त न्याय देतो. पॉवर वाढवून काळी त्वचा "उजळवणं" हा उपाय नाही. त्याने नुसता रंग धुऊन निघतो.

कान, नाकपुड्या आणि पापण्या फार लाल पेटत असतील, तर सगळ्या चेहऱ्याचं स्केल कमी करू नका. त्या भागांचा मास्क रंगवा आणि तिथेच स्केल निम्मं करा. चेहऱ्यावर काळे डाग किंवा अचानक उजळ ठिपके आले, तर फेस ओरिएंटेशन लावून नॉर्मल्स पाहा आणि मेशला भोक नाही ना ते तपासा. रँडम वॉकला बंद मेश लागतो.

छिद्रं दिसतात ती चकाकीत

टेक्स्चरमध्ये छिद्रं आहेत, बंपही आहे, तरी रेंडरमध्ये ती नाहीत. कारण सरळ आहे : सबसरफेस आतला प्रकाश मिसळून टाकतं, त्यामुळे बारीक उंचसखलपणा डिफ्यूजमध्ये जवळपास पुसला जातो. तो उरतो फक्त पृष्ठभागावरच्या परावर्तनात. चकाकी मेली की छिद्रं मेली. ज्यांना मेणचटपणा सबसरफेसमुळे आला असं वाटतं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा खरा दोष इथे असतो.

आयओआर (अपवर्तनांक) १.४ द्या. सरळ समोरून परावर्तन २.८ टक्के येतं, त्वचेसाठी ते बरोबर आहे. स्पेक्युलर आयओआर लेव्हल ०.५ तशीच राहू द्या. ३.x आवृत्तीत काम करत असाल तर स्पेक्युलर ०.३५. मग रफनेस भागाभागाने : कपाळ आणि नाकाचा शेंडा ०.३५ ते ०.४, गाल ०.५ ते ०.५५, ओठ ०.३ च्या आसपास, कान आणि मान ०.६. सगळ्या चेहऱ्याला एकच रफनेस म्हणजे बाहुली, मग बाकी काहीही करा. त्यावर तेलाचा पातळ थर म्हणून कोट : वेट ०.१ ते ०.१५, रफनेस ०.२५, आयओआर १.४. आयरेमध्ये हाच परिणाम ड्युअल लोब स्पेक्युलरने मिळतो, एक लोब ०.५५ च्या आसपास आणि दुसरा ०.३ च्या. त्याच वेळी टॉप कोटही चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर चमक दोनदा मोजली जाते.

आता मॅपचा बारकावा. डोक्याचा घेर ढोबळमानाने ६० सेंमी. ४के मॅपची पूर्ण रुंदी त्यावर गुंडाळली तरी एक पिक्सेल ०.१५ मिमीचा होतो, ८केमध्ये ०.०७ मिमीचा. छिद्र त्यात एक-दोन पिक्सेलांत संपतं. क्लोज-अपसाठी मुख्य मॅपच्या जोडीला टाइल होणारा सूक्ष्म तपशिलाचा नॉर्मल किंवा बंप लागतोच. बंप नोडमध्ये डिस्टन्स ०.०००५ ते ०.००१ मीटर आणि स्ट्रेंग्थ ०.३ पासून वर. डिस्टन्स मोठं ठेवून स्ट्रेंग्थने दाबायचा प्रयत्न केला की संत्र्याची साल होते.

पडताळणी नाकाच्या शेंड्यावर करा. तिथल्या चकाकीची कड १००% झूममध्ये पाहा. कड बारीक दाण्यांत तुटत असेल तर काम झालं. कड गुळगुळीत वळत असेल तर सूक्ष्म तपशील शेडरपर्यंत पोहोचतच नाही. लाइट कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी असला तरीही असंच दिसतं, म्हणून तो एकदा ७० अंश बाजूला नेऊन पाहा आणि मग निष्कर्ष काढा.

सीनमध्ये परत : रंगीत लाइट त्वचेला का मारतात

साय-फायचं खास दुखणं इथे आहे. लाइटचा रंग आणि त्वचेचा रंग चॅनलनिहाय गुणले जातात. उजळ त्वचेचा बेस कलर समजा ०.५५, ०.२८, ०.१८. त्यावर गडद निळी निऑन पट्टी, ०.०२, ०.१, १.०. गुणाकार येतो ०.०११, ०.०२८, ०.१८. लाल चॅनल संपला. आणि त्वचेत लांबवर पसरतो तो लालच. म्हणजे सबसरफेस कितीही नीट असलं तरी पसरायला काही उरलेलंच नाही. समोर येतं ते निळं प्लास्टिक.

आता तोच लाइट ०.३५, ०.५, १.० करा. गुणाकार ०.१९, ०.१४, ०.१८. तिन्ही चॅनल जिवंत आहेत, चेहरा थंड जांभळट दिसतो, पण त्वचाच दिसते. पट्टी स्वतः गडद निळी हवी असेल तर ती तशीच ठेवा. चेहऱ्यावर पडणारा उजेड वेगळ्या लाइटने द्या. ब्लेंडर ४.० पासून सायकल्समध्ये लाइट लिंकिंग आहे. पट्ट्यांचं लिंकिंग पात्रापासून तोडा आणि त्याच दिशेला, त्याच आकाराचा, कमी सॅच्युरेशनचा एरिया लाइट फक्त पात्राला जोडा. नियम म्हणून : चेहऱ्यावर पडणाऱ्या कोणत्याही लाइटचा सगळ्यात कमी चॅनल ०.२५ च्या खाली नको. रिमला (मागून कडेवर पडणाऱ्या लाइटला) यातून सूट आहे. डोक्याच्या कडेवर दिसते ती बहुतांशी चकाकी, आणि चकाकीला लाइटचा रंग जसाच्या तसा शोभतो.

मुख्य लाइट पांढऱ्याच्या जवळ ठेवा आणि त्याला सीनमध्ये कारण द्या : कंट्रोल पॅनल, हेल्मेटमधला दिवा, उघडी एअरलॉक. रंग फिल (सावलीची बाजू उजळवणारा लाइट) आणि रिमकडे सोपवा. मुख्य आणि फिल यांचं प्रमाण ४:१, म्हणजे दोन स्टॉप, ही चांगली सुरुवात. प्रमाण १:१ कडे गेलं की उजेड-सावलीची सीमाच उरत नाही, आणि सबसरफेस सगळ्यात जास्त दिसतं ते त्या सीमेवर.

कॉरिडॉरच्या सीनमध्ये हे प्रमाण नकळत बिघडतं. दोन्ही भिंती, छत, जमीन, सगळीकडे पट्ट्या; चेहऱ्याला चहूबाजूंनी सारखाच उजेड. अशा वेळी लाइट वाढवू नका, काढून घ्या. गालापासून ३०-४० सेंमीवर काळा प्लेन उभा करा आणि रे व्हिजिबिलिटीमधून तो कॅमेऱ्याला अदृश्य करा. सावलीची बाजू लगेच परत येते. नुसत्या एचडीआरआयवर लावलेल्या चेहऱ्यालाही हाच उपाय.

गुलाबी किंवा निळा लाइट गालावर सपाट रंगाचा ठिगळासारखा तुकडा पाडत असेल, तर व्ह्यू ट्रान्सफॉर्म स्टँडर्डवर आहे का पाहा. तिथे एक चॅनल छाटला जातो आणि रंग सरकतो. एजीएक्समध्ये प्रखर रंग हळूहळू पांढऱ्याकडे जातात. कॉन्ट्रास्ट कमी वाटला तर लुक बदला, ट्रान्सफॉर्म नको.

हेल्मेटच्या काचेमागचा काळा चेहरा

काच लावली की चेहरा अंधारात जातो, कारण बाहेरचे लाइट काचेच्या शेडरमधून सरळ आत जात नाहीत. सायकल्सला ती कॉस्टिक्स वाटतात. काचेच्या मटेरियलमध्ये ग्लास आणि ट्रान्स्परंट बीएसडीएफ मिक्स शेडरने जोडा, ग्लास वरच्या सॉकेटला, ट्रान्स्परंट खालच्या, आणि फॅक्टरला लाइट पाथमधला इज शॅडो रे. सावलीच्या किरणांना काच आता आरपार आहे, कॅमेऱ्याला मात्र काचच. काचेला २-३ मिमी खरी जाडी द्या. एकेरी पृष्ठभाग ठेवला तर सगळं हेल्मेट भरीव काच समजून चेहरा वाकडा होतो. आयरेमध्ये एकेरी पृष्ठभागासाठी थिन वॉल्ड चालू करा.

परग्रहवासी : निळी, हिरवी, जांभळी त्वचा

बेस कलर निळा केला आणि रेडियस माणसाचीच ठेवली, तर शेडर सांगतो की या जिवाचं रक्त लाल आहे. कथेत तसं असेल तर उत्तम. नसेल तर आधी रक्त ठरवा. खेकडे आणि ऑक्टोपस यांच्या रक्तात तांब्याचं हिमोसायनिन असतं आणि ऑक्सिजन मिळाल्यावर ते निळं होतं. तसं रक्त कल्पून रेडियस उलटी करा : ०.२, ०.४, १.०. कानाची कड मागच्या उजेडात निळी पेटेल आणि जीव एकदम वेगळ्या जातीचा वाटेल. ओठ, डोळ्यांचे कोपरे आणि नखांच्या मुळाशीही तोच रक्ताचा रंग थोडा वर आणा.

आणि बेस कलरमध्ये कोणताही चॅनल ०.०४ च्या खाली नेऊ नका. ०, ०.०२, १ असा रंग निवडला की दोन चॅनल जवळजवळ सगळा प्रकाश गिळतात आणि पुन्हा प्लास्टिक.

त्वचेखाली चमकणाऱ्या शिरा

एमिशन मॅप लावला की शीर कातडीवर चिकटवलेल्या स्टिकरसारखी दिसते, कारण सबसरफेस एमिशनला पसरवत नाही. मेशच्या आत खरी चमकणारी नळी ठेवूनही उपयोग नाही. सायकल्सचं सबसरफेस आतल्या लाइटची दखल घेत नाही. म्हणून पसरणं मॅपमध्येच रंगवावं लागतं. शिरांच्या मास्कच्या दोन प्रती करा. पहिली बारीक, १-२ पिक्सेलची, रंग पांढऱ्याकडे झुकणारा, स्ट्रेंग्थ ३ ते ५. दुसरी चेहऱ्यावर ३ ते ६ मिमी भरेल इतकी ब्लर केलेली, स्ट्रेंग्थ ०.२ ते ०.४. दुसरीचा रंग मुद्दाम जास्त गडद आणि, मानवी रक्त असेल तर, लालसर घ्या, कारण शिरेपासून दूर जाताना निळा-हिरवा प्रकाश आधी संपतो. जिथे शीर खोल जाते, जबड्याच्या हाडाखाली किंवा मानेच्या स्नायूत, तिथे पहिली प्रत पुसून टाका आणि फक्त दुसरी ठेवा. खोलीचा भास तिथेच तयार होतो.

सायबॉर्गची धातूची पट्टी मात्र मास्कने त्याच मेशवर रंगवू नका. मास्कच्या मऊ कडेवर मेटॅलिक ०.५ होतं, आणि अशी वस्तू जगात नसते. वेगळा ऑब्जेक्ट, बारीक बेव्हल, आणि त्वचेशी ०.३ मिमीची फट.

शेवटचा संशयित : डीनॉइझर

व्ह्यूपोर्टमध्ये छिद्रं होती आणि अंतिम रेंडरमध्ये गेली, तर डीनॉइझरने ती गोंगाट समजून पुसली. कॅमेरा व्ह्यूमध्ये कंट्रोल-बी ने गालाचा छोटा चौकोन निवडा, डीनॉइझर बंद करून तेवढंच रेंडर करा आणि ताडून पाहा. फरक दिसला तर नॉइझ थ्रेशोल्ड ०.०१ वरून ०.००५ करा, जास्तीत जास्त सॅम्पल १०२४ पेक्षा कमी असतील तर तिथपर्यंत वाढवा, ओपनइमेजडीनॉइझला अल्बिडो आणि नॉर्मल दोन्ही द्या आणि प्रीफिल्टर अॅक्युरेट ठेवा. तरीही गाल गुळगुळीत वाटला तर डीनॉइझिंग डेटा पास चालू करून रेंडर करा आणि कंपॉझिटरमध्ये नॉइझी इमेज ३० टक्के, डीनॉइझ झालेली ७० टक्के अशी मिसळा. सावलीच्या भागात लाल दाणे उरत असतील तर तेवढ्या भागासाठी डीनॉइझ झालेल्या इमेजचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत वाढवा. छिद्रं तिथे तशीही दिसत नसतात.